गाडीचा पेट्रोलचा दिवा नेमका कधी लागायला पाहिजे, आणि लागल्यावर किती चालते: नवीन गाडीवाल्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्याकडून सेकंडहँड स्विफ्ट घेतली. कागद बघितले, टायर बघितले, इंजिनचा आवाज कानात जीव आणून ऐकला, पण पेट्रोलचा काटा आणि त्याचा दिवा बरोबर चालतो का हे काही कोणी बघत नाही ना भो, मी पण नाही बघितलं. मग एकदा संभाजीनगरहून धुळ्याला परत येत होतो, कन्नडचा घाट उतरताना पेट्रोलचा दिवा लागला, खाली सपाटीला आल्यावर विझला. म्हटलं ढाळामुळे लागला असेल. काटा पावच्या वर होता. चाळीसगाव गेलं, तिथले सगळे पंप डोळ्यासमोरून गेले, मेहुणबारं गेलं, गिरणेचा पूल गेला, आणि पुढे गाडीने दोन-तीन झटके दिले आणि गप्प. बायको मागे, पोरगं झोपलेलं, संध्याकाळची वेळ. एक काका स्प्लेंडरवरून चालले होते ते थांबले आणि पहिलंच वाक्य, "पेट्रोल सरी गयं का भाऊ?" (संपलं का). मी म्हणे नाही हो काका, काटा पावच्या वर आहे. काका काट्याकडे बघून नुसते हसले.

त्या दिवसानंतर मी या दिव्याच्या मागे लागलो. मॅन्युअल वाचलं, दोन मेकॅनिकचं डोकं खाल्लं, आणि घरच्या तिन्ही गाड्यांचा हिशोब काढला. तोच खाली लिहितोय. नवीन गाडी शिकणाऱ्याला किंवा जुनी गाडी घेणाऱ्याला कामी येईल.

आधी सरळ उत्तर देतो. दिवा कधी लागायचा हे कंपनी ठरवते आणि मॉडेलप्रमाणे ते बदलतं. बहुतेक कारमध्ये टाकीच्या साधारण दहाव्या ते सातव्या हिश्श्याइतकं पेट्रोल उरलं की लागतो. म्हणजे ३७ लिटरची टाकी धरली तर चार ते साडेपाच लिटरच्या आसपास, मोठ्या टाकीच्या गाडीत सात-आठ लिटरलाही. पण हा झाला अंदाज. तुमच्या गाडीचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो, एकदाच काढायचा आणि लिहून ठेवायचा.

काय काय लागेल

- गाडीचं मॅन्युअल. सेकंडहँड गाडीसोबत आलं नसेल तर कंपनीच्या वेबसाईटवर पीडीएफ मिळतं, फक्त आपलंच मॉडेल आणि आपलंच वर्ष बघून घ्या
- टाकी किती लिटरची हे माहिती पाहिजे, ते मॅन्युअलमध्ये शेवटी शेवटी असतं
- ट्रिप मीटर (शून्य करून परत किलोमीटर मोजता येतात ते) चालू पाहिजे
- पंपाची छापील पावती, नाहीतर मशीनच्या डिस्प्लेचा फोटो
- एक छोटी वही, किंवा मोबाईलमध्ये नोट
- गाडी वॉरंटीत असेल तर आरसी आणि सर्व्हिस बुक, कारण फॉल्ट निघाला तर तेच आधी मागतात

१. आधी दिवा जिवंत आहे का बघा

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. मीटरमधले बरेचसे दिवे दोन-तीन सेकंद लागून विझतात, तो त्यांचा स्वतःचा तपास असतो. बऱ्याच गाड्यांमध्ये पेट्रोल पंपाच्या चित्राचा दिवा पण त्यात असतो, सगळ्यांमध्ये नसतो, म्हणून मॅन्युअल बघून खात्री करा. मॅन्युअलमध्ये लागतो असं लिहिलंय आणि तुमचा लागतच नाही, तर बल्ब नाहीतर मीटर गेलेलं आहे आणि पुढच्या सगळ्या स्टेप करून उपयोग नाही, आधी ते नीट करा.

रंगाकडे लक्ष द्या. पेट्रोलचा दिवा पिवळा-नारिंगी असतो, म्हणजे लक्ष दे, पण घाबरू नको. लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घे. नवीन माणूस ऑईलच्या लाल किटलीला पेट्रोलचा दिवा समजतो आणि पंप शोधत गाडी पळवत राहतो, असं माझ्या साडूनेच केलंय, आणि ते इंजिनच्या जीवावर बेततं.

पंपाच्या चित्राशेजारी छोटा बाण असतो तो टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो. ही आयडिया फोर्डमधल्या जिम मोयलन नावाच्या इंजिनिअरची, १९८६ सालची. दुसऱ्याची गाडी घेऊन पंपावर गेलात की त्याचे आभार माना.

२. आत काय चालतं ते थोडं समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा आला तर सोडा, पण माझी गाडी का फसली ते इथेच कळेल.

टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, त्याला तारेचा दांडा, दांड्याच्या टोकाला एक छोटी पट्टी. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली येतो, पट्टीवरचा संपर्क सरकतो, करंट कमीजास्त होतो आणि त्यावरून मीटर काटा हलवतं. आजकालच्या गाड्यांत दिवासुद्धा याच सिग्नलवरून लागतो. काही जुन्या गाड्यांत दिव्याला वेगळा सेन्सर असायचा, पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत थंड राहायचा, उघडा पडला की तापायचा आणि दिवा लावायचा.

आता टाकीतलं पेट्रोल काही शांत बसत नाही, आपल्याकडच्या रस्त्यांवर तर नाहीच. प्रत्येक खड्ड्याला काटा नाचू नये म्हणून मीटर मुद्दाम हळू चालतं, थोड्या वेळाची सरासरी काढतं. म्हणून चढ-उतारावर लागलेला दिवा सपाटीला आल्यावर विझू शकतो. इथपर्यंत काही बिघाड नाही.

माझ्या गाडीत काय झालं होतं, की दांडा किंचित वाकलेला होता आणि मध्येच अडकायचा. घाटात दणके बसले तेव्हा सुटला, दिवा लागला, सपाटीला पेट्रोल परत पसरलं तसा फ्लोट वर आला आणि तिथेच अडकून बसला. काटा पावच्या वर, आणि टाकी कोरडी.

म्हणून दिवा मोजायचा तो सपाट रस्त्यावर, आणि लागून दहा-पंधरा मिनिटं न विझता राहिला तरच खरा धरायचा.

३. आपला आकडा काढा

ही खरी मेहनतीची स्टेप आहे, पण तीन टाक्यांत होऊन जाते.

(क) गाडी शहराच्या जवळपासच चालवत दिवा लागू द्या. हा प्रयोग तोरणमाळच्या रस्त्यावर करायचा नाही. जळगाव-भुसावळ किंवा धुळे शहरात, जिथे दोन-चार किलोमीटरवर पंप आहे तिथे करायचा.

(ख) दिवा कायम झाला की ट्रिप मीटर शून्य करा आणि सरळ पंपावर जा.

(ग) टाकी फुल करायला सांगा, पण नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबवायचं. पंपावरचं पोरगं "साहेब राऊंड फिगर करू का" विचारतं, त्याला नाही म्हणा. एक तर हिशोब बिघडतो, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, पेट्रोल तापून फुगतं, त्याला टाकीत जागा लागते. गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली की वास सुटलाच.

(घ) टाकीच्या लिटरमधून भरलेले लिटर वजा करा. उरलं ते दिवा लागला तेव्हाचं पेट्रोल. दिव्यापासून पंपापर्यंत एक-दोन किलोमीटर गेलात ते सोडून द्या.

माझ्या गाडीचं फ्लोट युनिट (फ्लोट, दांडा आणि पट्टी मिळून) बदलल्यावर असं आलं: टाकी ३७ ची, पहिल्यांदा ३१.४ बसलं म्हणजे ५.६ उरलं होतं, दुसऱ्यांदा ३०.८ म्हणजे ६.२, तिसऱ्यांदा ३१.९ म्हणजे ५.१. मी सगळ्यात छोटा आकडा धरला, पाच लिटर. सरासरी काढू नका, सरासरीच्या भरवशावर राहिलेला माणूसच ढकलत नेतो.

तिन्ही वेळा पंप तोच, जमलं तर नोझल पण तेच. मॅन्युअलमधला टाकीचा आकडा काटेकोर नसतो, गळ्याचा भाग आणि वरची मोकळी जागा धरून थोडं जास्त पेट्रोल मावतं, म्हणून ३७ च्या टाकीत एखाद्या वेळेस ३८ बसलं की लगेच पंपवाल्याशी भांडायला जाऊ नका. खरंच शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवलेलं असतं, त्यात मोजून दाखवा म्हणायचा हक्क गिऱ्हाईकाला आहे.

४. लिटरचे किलोमीटर करा, आणि अर्धे करा

मायलेज कंपनीने सांगितलेलं घ्यायचं नाही. टाकी फुल, ट्रिप शून्य, परत टाकी फुल, मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, ते आपलं मायलेज. माझं १६ येतं. पाच लिटर गुणिले सोळा म्हणजे ८०. त्याचे अर्धे ४०. दिवा लागल्यापासून ४० किलोमीटरच्या आत पंप, हा माझा नियम. हँडब्रेकजवळ छोटं स्टिकर लावलंय, "दिवा = ४०". बायको पण गाडी चालवते, तिला वेगळं सांगावं लागत नाही.

अर्धे का? एक तर टाकीतलं अगदी तळाचं पेट्रोल गाडीच्या आतल्या पंपाला ओढताच येत नाही. दुसरं, एसी, लोड, उलटा वारा, चढ. तिसरं, आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा कमी असते तर मायलेज थोडं उतरतं, जुने आकडे धरून बसू नका. आणि चौथं कारण म्हणजे आपले घाट. कन्नडच्या घाटात एखादी गाडी बंद पडली की तास-दोन तास कुठे जात नाहीत, एसी लावून उभी गाडी तासाला लिटरभराच्या आसपास पिते, आणि किलोमीटर शून्य. सारंगखेड्याच्या यात्रेला पुलाजवळ अडकलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

नवीन गाड्यांच्या डिस्प्लेवर "अजून इतके किलोमीटर जाईल" असा आकडा येतो. तो मागच्या काही किलोमीटरच्या चालण्यावरून काढलेला असतो. घाट उतरताना ऍक्सिलरेटरवर पाय नसतो, गाडीला वाटतं वा काय मायलेज, आणि आकडा वाढतो. खाली उतरून चढ लागला की तोच आकडा धपाधप पडतो. काही गाड्या अगदी शेवटी आकडा दाखवायचंच बंद करतात, नुसत्या रेघा येतात.

५. मोटरसायकल आणि स्कूटरवाल्यांसाठी

१ एप्रिल २०२० च्या आधीच्या, म्हणजे बीएस-सहा या प्रदूषणाच्या नियमाआधीच्या बऱ्याच मोटरसायकलींना कॉक असतो, ऑन आणि रिझर्व्ह. आत दोन तोंडं असतात, ऑनची नळी उंच, रिझर्व्हचं भोक तळाला. ऑनची नळी उघडी पडली की गाडी फुसफुसते, तुम्ही कॉक फिरवता, तळाचं चालू होतं. वेगळ्या दिव्याची गरजच नाही.

यातला सगळ्यात मोठा सापळा: पेट्रोल टाकल्यावर कॉक परत ऑनला करायचा विसरणे. मग पुढच्या वेळी गाडी बंद पडते ती थेट कोरडीच, हात कॉककडे जातो आणि कळतं की तो आधीच रिझर्व्हवर आहे. कॉलेजला असताना अमळनेर रोडला हे मी एकदा नाही, तीनदा केलंय.

"रिझर्व्हला चालवली की कचरा येतो" हे कॉकवाल्या गाडीत खरं आहे, तळाचा गंज, पाणी तेव्हाच ओढलं जातं. इंजेक्शनवाल्या नवीन गाडीत पंप कायम तळातूनच ओढतो, तिथे कचऱ्याची भीती वेगळी नाही, भीती आहे ती पंपाची. बहुतेक कारमध्ये आणि बऱ्याच नवीन बाईकमध्ये हा इलेक्ट्रिक पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलनेच थंड राहतो. रोज रोज दिव्यावर गाडी चालवली की तो तापतो आणि लवकर जातो, आणि पंपाचं बिल बघितलं की वाचवलेलं काही वाचवलेलं वाटत नाही.

ऍक्टिवाची टाकी साधारण सव्वापाच लिटरची. जुन्या मॉडेलला दिवा नाही, नुसता काटा आणि लाल पट्टा. काटा लाल पट्ट्याला टेकला की भरा, विषय संपला. आणि काटा बघायचा तो गाडी सरळ उभी करून, साईड स्टँडवर तिरकी उभी करून नाही.

६. डिझेल आणि सीएनजी

डिझेलवाल्यांनी दिवा लागायची वाटच बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोल संपलं तर भरलं की गाडी चालू होते, डिझेल संपलं की लाईनमध्ये हवा धरते. मग फिल्टरजवळचा हातपंप दाबत बसा, हवा काढा. बऱ्याच गाड्यांत ते होतं, पण नवीन कॉमन रेल इंजिनमध्ये कोरडं फिरवलेलं महागात पडतं. आमच्याकडे रावेर-सावद्याकडचे केळीची गाडी भरणारे ड्रायव्हर पाव टाकीच्या खाली जाऊच देत नाहीत, त्यांच्याकडून शिकावं.

सीएनजीवाल्यांचा घोटाळा वेगळा. लक्ष सगळं गॅसच्या चार लाईटींकडे, आणि पेट्रोलचा दिवा महिनाभर लागलेला. बऱ्याच गाड्या सुरू होताना आधी पेट्रोल घेतात मग गॅसवर जातात, काही थेट गॅसवर सुरू होतात, पण गॅस संपला की दोघांनाही पेट्रोलच लागतं. आणि नंदुरबारच्या पुढे सातपुड्यात, मोलगी-धडगावकडे जाणार असाल तर गॅसचा भरवसा धरू नका, पाव टाकी पेट्रोल पाहिजेच.

७. दिवा चुकीचा वागतोय हे कसं ओळखायचं

- टाकी फुल करून पण दिवा तसाच: फ्लोटला भोक पडून तो बुडाला असेल, किंवा वायरचं कनेक्शन खराब
- काटा एका ठिकाणी अडकतो आणि मग एकदम पडतो: दांडा किंवा आतली पट्टी झिजलेली, माझी केस
- दोनशेचं पेट्रोल टाकलं आणि दिवा विझला नाही: हा बहुतेक वेळा फॉल्ट नाही. पंपावर इंजिन बंद करायचंच असतं, पण नुसती चावी ऑन ठेवून भरलं तरी मीटर उशिरा जागं होतं, आणि शंभर-दोनशेचं टाकलं तर कित्येक गाड्यांना ते कळतच नाही, शंभराच्या नोटेत आता पूर्ण लिटर पण येत नाही
- सपाट रस्त्यावर दिवा लागतो-विझतो, आणि टाकीत अर्ध्याच्या वर आहे: सरळ मेकॅनिककडे

मेकॅनिककडे गेल्यावर "मीटर खराब आहे" असं म्हणू नका, तो मीटरच बदलायला काढेल. "टाकीतलं फ्लोट युनिट आणि त्याचं कनेक्शन आधी चेक करा" असं म्हणा. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं तिथून हात जातो, काहींची टाकीच उतरवावी लागते, म्हणून मजुरीत खूप फरक पडतो, आधी विचारून घ्या. टाकी उतरवणार असतील तर जवळजवळ रिकामी टाकी घेऊन जा, पण दिव्याच्या भरवशावर नाही, आता कळलंच असेल का ते.

८. तरीही संपलंच तर

झटका बसायला लागला की एसी बंद, इंडिकेटर देऊन डावीकडे, गाडीत वेग आहे तोपर्यंतच रस्त्याच्या खाली घ्या. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, घाबरायचं नाही, जोर लावायचा. चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण गाडीच्या मागे चांगला लांब ठेवा, माणसं गाडीत बसवून ठेवू नका, रस्त्यापासून लांब उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन लावा.

पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, त्यासाठी भांडू नका, त्यांच्यावर नियम आहे आणि बाटलीतलं पेट्रोल खरंच धोक्याचं आहे. पंपावर जाऊन परिस्थिती सांगा, कधी कधी त्यांच्याकडेच धातूचा डबा असतो.

मिळालं तर कमीत कमी दोन-तीन लिटर टाका. चढावर किंवा तिरक्या उभ्या गाडीत अर्धा लिटर टाकलं तर ते कोपऱ्यात जाऊन बसतं, टाकीतल्या पंपापर्यंत पोचतच नाही. टाकल्यावर लगेच सेल्फ मारू नका, चावी ऑन करून तीन सेकंद थांबा, ऑफ करा, असं तीन-चार वेळा करा, आतला पंप लाईन भरून घेतो, मग सेल्फ मारा. मला हे माहिती नव्हतं. काकांनी स्प्लेंडरच्या कॉकची नळी काढून त्यांच्याजवळच्या बाटलीत जेवढं निघालं तेवढं दिलं, ते मी टाकलं आणि सेल्फ मारत सुटलो, बॅटरी पण डाऊन केली. मग काका परत जाऊन त्यांच्या पुतण्याला घेऊन आले, त्याच्याकडे डबा होता, तीन लिटर टाकलं, आणि तिघांनी ढकलून गाडी चालू केली. पैसे घ्या म्हटलं तर पेट्रोलचे तेवढे घेतले, वर चहा पाजला तो वेगळा, आणि पोराच्या हातात दोन पेरू दिले.